गोठलेले भाडे : मुंबईच्या घरमालकाची कैफियत

भाडेकरूची बाजू मराठी श्रोत्यांपुढे मांडायला वक्त्याची गरज पडत नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या घराण्यातली निदान एक पिढी चाळीच्या खोलीत किंवा वाड्यातल्या बिऱ्हाडात गेलेली असते. नळावरची रांग, लाकडी जिन्याचा कुरकुराट, सार्वजनिक गॅलरीतल्या गप्पा यांवर आपण मनापासून लोभ करतो. या साऱ्या चित्रात घरमालक आलाच, तर तो पहिल्या तारखेला दारात उभा राहणारा, नळ बंद करणारा, पावती न देणारा असा असतो. विनोदी नाटकातला तो ठरलेला खलपुरुष. त्याच्या तोंडी कोणी चांगले वाक्य घालत नाही.

इतिहास पाहणाऱ्याला मात्र दोन्ही पक्षांच्या कैफियती वाचाव्या लागतात. मुंबई शहरात भाडेनियंत्रणाचा कायदा प्रथम झाला १९१८ साली. तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षे घरमालक काय म्हणत आला आहे, त्यातले खरे किती आणि कांगावा किती, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत. गरिबाला निवारा मिळावा याविषयी वाद नाही. त्या निवाऱ्याचा खर्च कोणी सोसायचा, हा वाद आहे. आणि आमच्या मते या प्रश्नाला सरकारने कधीही सरळ उत्तर दिले नाही.

प्रथम हा मालक कोण होता ते पाहू. गिरण्या वाढू लागल्या तशी कोकण, देश आणि घाटावरून माणसे मुंबईत आली. त्यांना राहण्यासाठी ज्यांनी चाळी बांधल्या त्यांत भाटिया, पारशी, बोहरी, पाठारे प्रभू असे सर्व प्रकारचे लोक होते. धर्मादाय न्यास होते. आणि नवऱ्यामागे एकाच इमारतीच्या भाड्यावर जगणाऱ्या विधवाही होत्या. मोठा मालक स्वतः भाडे वसूल करीत नसे. तो पुष्कळदा सबंध चाळ मक्त्याने देई आणि मक्तेदार खोल्यांमागे आपला नफा चढवून वसुली करी. मजुराला आपल्या खऱ्या मालकाचे तोंडही ठाऊक नसे.

वसुली सोपी नव्हती. गिरणीचा पगार महिना संपल्यावर दुसऱ्या महिन्याच्या मध्याच्या सुमारास हाती येई. मजूर सुगीला गावी जाई, आजारी पडे, संपावर जाई. १९२८ साली गिरणी कामगारांचा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. अशा वेळी मालकाने करायचे काय? एका भाडेकरूला बाहेर काढावे तर दुसरा येणार तोही संपवालाच. तेव्हा थांबणे, वहीत बाकी मांडणे आणि संप मिटल्यावर थोडे थोडे वसूल करणे हाच मार्ग राही. वाणी, सावकार आणि घरमालक यांच्या अशा नाइलाजाच्या उधारीवर गिरणगावाचे संप लढले गेले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. हे औदार्य नव्हते. पण त्याचा भार खराच होता.

मालकाचे दुसरे अंगही लपवू नये. १८९६ साली मांडवी भागात प्लेग उघडकीस आला आणि मुंबईच्या चाळी म्हणजे काय प्रकार आहे हे जगाला कळले. खोलीत उजेड नाही, दोन इमारतींमध्ये हात पसरावा एवढी गल्ली, तिच्यात मैला आणि सांडपाणी. ज्यांनी जमिनीच्या प्रत्येक हातावर भाडे काढण्याच्या हव्यासाने हे बांधले, ते मालकच होते. सरकारने १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टने रुंद रस्ते काढले, गलिच्छ वस्त्या पाडल्या; परंतु जितक्या खोल्या पाडल्या तितक्या गरिबांसाठी पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. हुसकलेली माणसे शेजारच्या चाळीत दाटीवाटीने शिरली आणि भाडी चढली.

मग पहिले महायुद्ध आले. बांधकामाचे सामान महागले, नवी घरे थांबली, माणसे मात्र येतच राहिली. १९११ साली शहराची वस्ती पावणेदहा लाखांच्या वर होती. १९२१ साली ती पावणेबारा लाख झाली. युद्धकाळातील ही भाडेवाढ काही मुंबईपुरती नव्हती. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात १९१५ साली मालकांनी भाडी वाढवताच कामगार वस्त्यांतील बायकांनी भाडे देण्याचे साफ नाकारले आणि हजारो कुटुंबे त्यांच्यामागे गेली. दारूगोळ्याचे कारखाने थांबतील या भीतीने ब्रिटिश सरकारने त्याच वर्षअखेर भाडी गोठवणारा कायदा केला. त्या कायद्याच्या नावातच भाड्याबरोबर गहाणाच्या व्याजाचा उल्लेख आहे. म्हणजे मालकाचे उत्पन्न बांधले, तेव्हा त्याच्या डोक्यावरील कर्जाचे व्याजही बांधले. ही गोष्ट आपण लक्षात ठेवू. तीन वर्षांनी मुंबईत कायदा आला तो भाड्याचा होता. १ जानेवारी १९१६ रोजी जे भाडे असेल तेच प्रमाण भाडे, असे त्याने ठरवले. युद्धापुरता म्हणून आणलेला हा कायदा मुदतवाढी घेत पुढे चालला आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस संपला.

या पहिल्या कायद्याला आम्ही अन्याय म्हणणार नाही. मजुरी वाढत नाही, नवी खोली मिळत नाही, अशा वेळी मालकाला मोकळे सोडणे म्हणजे दुष्काळात धान्याच्या व्यापाऱ्याला मोकळे सोडण्यासारखे होते. आणीबाणीचा कायदा आणीबाणीला साजेसा होता.

परंतु याच काळात सरकारने आणखी एक प्रयोग केला. आमच्या मते या प्रकरणातील सर्वांत बोलका पुरावा तोच आहे. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या पुढाकाराने १९२० साली डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. मजुरांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सुटला. तोटा भरून काढण्यासाठी शहरात येणाऱ्या कापसावर गाठीमागे एक रुपया कर बसवला. प्रत्यक्षात २०७ चाळी उभ्या राहिल्या. त्यांतल्या १२१ एकट्या वरळीला, बाकीच्या नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे. याच आपल्या बी. डी. डी. चाळी. सिमेंट काँक्रीटच्या भिंती, खोल्यांच्या रांगा, मधून जाणारी अंधारी बोळकांडी. बांधकामाचा खर्च निघेल असे भाडे मजुराला परवडणार नव्हते, हे सरकारला ठाऊक होते. म्हणून भाडे त्याहून कमी ठेवले. तरीही वरळीच्या कित्येक खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. गिरणीपासून लांब, सोयी नाहीत, आणि उतरवलेले भाडेही मजुराच्या खिशाला जड. शेवटी सरकारने तोटा सोसला आणि उरलेल्या खोल्यांचा संकल्प गुंडाळला.

याचा अर्थ काय झाला? सरकार स्वतः घरमालक झाले तेव्हा त्याला जो धडा मिळाला तो असा, की मुंबईच्या मजुराला परवडणारे भाडे आणि धडक्या खोलीचा खर्च यांच्यात एक खड्डा आहे आणि तो कोणीतरी पैसे घालून भरल्याशिवाय भरत नाही. सरकारने स्वतःच्या चाळींपुरता तो कापसाच्या करातून आणि तिजोरीतून भरला. पुढे दुसऱ्या महायुद्धात हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला, तेव्हा मात्र सरकारने तो दुसऱ्याच्या खिशातून भरला.

१९३९ आणि १९४४ साली नवे निर्बंध आले आणि स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, तो प्रसिद्ध मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला. १९४८ च्या फेब्रुवारीत तो अमलात आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते प्रमाण भाडे. नंतर प्रथम भाड्याने दिलेल्या जागेचे पहिले भाडे तेच तिचे प्रमाण भाडे. भाडेकरू भाडे देण्यास तयार आहे तोवर त्याला काढता येणार नाही. काढायचे तर पोटभाडेकरू ठेवणे, उपद्रव, मालकाची प्रामाणिक गरज अशी मोजकी कारणे लघुवाद न्यायालयात सिद्ध करावी लागतील. फाळणीने निर्वासित येत होते. बृहन्मुंबईची वस्ती १९४१ ते १९५१ या दहा वर्षांत अठरा लाखांवरून तीस लाखांच्या घरात गेली. हा कायदा नसता तर लाखो कुटुंबे रस्त्यावर आली असती. तो आवश्यक होता, हे मालकांच्या वकिलांनाही नाकारता आले नसते. त्याची मुदत १९५० च्या मार्चअखेरपर्यंतच होती.

ती मुदत वीसाहून अधिक वेळा वाढली. विधिमंडळात दर वेळी तेच कारण, घरांची टंचाई. आणि टंचाई का हटत नाही, तर भाड्याने देण्यासाठी कोणी नवे घर बांधीत नाही. कारण पहिल्या दिवशीचे भाडे तेच शेवटच्या दिवशीचे भाडे ठरणार. पैसेवाल्याने मग विकण्यासाठी घरे बांधली. ओनरशिपच्या फ्लॅटसाठी १९६३ साली स्वतंत्र कायदाही झाला. भाड्याची खोली हा बाजारातला जिन्नस हळूहळू नाहीसा झाला.

आता मालकाच्या तक्रारी एकेक ऐकू. पहिली तक्रार हिशेबाची. समजा १९४० साली एका खोलीचे भाडे आठ रुपये होते. त्या आठ रुपयांत तेव्हा गवंड्याचे काही दिवसांचे काम होई. १९८० साली तेच आठ रुपये घेऊन गेले तर गवंडी एक दिवसही येईना. वाढलेली घरपट्टी भाडेकरूंकडून वसूल करण्याची मुभा होती. पण छत गळले, तुळई कुजली, संडासाची वाहिनी फुटली, तर तो खर्च त्या आठ रुपयांतूनच निघायचा. मालकाने दुरुस्ती सोडून दिली. त्यात आळस किती आणि असहायता किती हे घरागणिक वेगळे. पण परिणाम एकच, जिन्याला टेकू लागले. हाच कायदा पुण्यालाही लागू होता. पेठांतले जे वाडे आपण खचताना पाहिले, त्यांच्या भिंतींत ही आकडेमोड मुरलेली आहे.

दुसरी तक्रार अधिक बोचरी आहे. कायद्याने भाडेकरूचे उत्पन्न कधी विचारलेच नाही. परळचा गिरणी कामगार आणि दक्षिण मुंबईतला श्रीमंत व्यापारी, दोघांचीही भाडी सारखीच गोठली. बँका आणि बड्या कंपन्यांच्या कचेऱ्या चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या भाड्यात बसल्या. मालकीण विधवा आणि भाडेकरू धनिक, अशी जोडीही या शहरात जमली. गरिबाला मदत म्हणून जी योजना निघाली ती अशा रीतीने मोठ्यांनाही पोचली. आणि देणारा मात्र तोच राहिला.

तिसरी तक्रार पोटभाडेकरूची. मालकाला दहा रुपये देणारा भाडेकरू आपल्या खोलीत चार माणसे ठेवून त्यांच्याकडून त्याच्या कितीतरी पट घेई. हे टाळायला 'लीव्ह अँड लायसन्स'ची पळवाट निघाली. जागा वापरायला दिली, भाड्याने नव्हे, असा कागद. १९७३ साली सरकारने, १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे असे ताब्यात होते त्या सर्वांना भाडेकरूचे संरक्षण दिले. त्या लोकांना दिलासा मिळाला यात शंका नाही. परंतु ज्याच्याकडे एखादी जादा खोली होती त्याने कुलूप लावून ठेवण्याचा धडा घेतला.

या सर्वांवर मालकाने शोधलेला उतारा म्हणजे पागडी. जुना भाडेकरू जागा सोडताना नव्याकडून रोख रक्कम घेई, आणि भाडेपावती नव्याच्या नावावर करून देण्याबद्दल मालक त्यातला आपला वाटा उचली. बहुधा एक तृतीयांशाच्या आसपास. कायद्याने हा गुन्हा होता. पण सारे शहर या गुन्ह्यावर चालले. येथे भाडेकरूची बाजू ऐकणे भाग आहे. ज्याने बायकोचे दागिने मोडून पागडी भरली, तो स्वतःला मदत घेणारा समजत नाही. त्याच्या लेखी त्याने घर विकत घेतले आहे. महिन्याचे भाडे ही उपचाराची गोष्ट. मालक म्हणतो, घर माझे. भाडेकरू म्हणतो, पैसे मी मोजले. दोघेही खरे बोलतात आणि दोघांच्याही हाती पुरावा नाही, कारण पागडीची पावती नसते!

मग सुरू होते ते युद्ध आपण सर्वांनी पाहिले आहे. मालक भाडे घेण्याचे नाकारतो, म्हणजे पुढे भाडे थकल्याचा दावा लावता यावा. भाडेकरू मनीऑर्डर पाठवतो. मनीऑर्डर परत येते. तो परतीचा कागद जपून ठेवला जातो आणि भाडे न्यायालयात भरले जाते. पाणी तोडणे हा गुन्हा, म्हणून पाणी तोडले जात नाही. पंप बिघडतो आणि दुरुस्त होत नाही. दावा बापाने लावलेला असतो आणि निकाल नातवाच्या हाती पडतो. मालकांच्या आडमुठेपणाची उदाहरणे थोडी नाहीत. त्यांनी जिन्यातले दिवे काढले, गच्चीला कुलपे लावली, इमारत पडावी म्हणून वाट पाहिली. कैफियत ऐकताना हेही नोंदवले पाहिजे.

अन्यत्र हा प्रश्न निराळ्या रीतीने हाताळला गेला. अमेरिकेत १९७४ च्या एका कायद्यापासून गरीब कुटुंबाने आपल्या उत्पन्नाचा ठराविक हिस्सा भाड्यात द्यायचा आणि उरलेली रक्कम सरकारने मालकाला द्यायची, अशी योजना चालू आहे. तेथल्या मालकांचीही कुरकुर आहेच : तपासनीस येतात, कागद मागतात, पैसे उशिरा येतात. पुष्कळ मालक असा भाडेकरूच नको म्हणतात आणि गरज असलेल्या कुटुंबांतल्या अनेकांपर्यंत मदत पोचतच नाही. तेव्हा तो स्वर्ग आहे असे समजण्याचे कारण नाही. फरक एवढाच, की तेथे खड्डा किती रुपयांचा आहे हे सरकारच्या हिशेबात लिहिलेले असते.

मुंबईत तो हिशेब इमारतींनी मांडला. पावसाळ्यात घरे कोसळू लागली, तेव्हा १९६९ साली मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. जुन्या इमारतींवर घरपट्टीबरोबर उपकर बसवायचा आणि त्यातून सरकारी मंडळाने दुरुस्ती करायची. तेव्हा मोजलेल्या उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. त्यांतल्या १६,५०२ या १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या. भाडी गोठवण्याची आणि इमारती जुन्या ठरवण्याची तारीख एकच असावी, हा योगायोग आम्हांस फार सूचक वाटतो. मालकाने जे करायचे ते आता मंडळ करू लागले, पण चौरस मीटरमागे ठरवून दिलेल्या मर्यादेत. त्याहून खर्च जास्त आला की इमारत दुरुस्तीपलीकडची ठरे आणि भाडेकरूंची रवानगी संक्रमण शिबिरात होई. काही दिवसांसाठी म्हणून गेलेल्या माणसांची नातवंडे त्या शिबिरांत जन्मली. २०१७ च्या ऑगस्टअखेर भेंडी बाजारातली शंभर वर्षांहून जुनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे गेली. असे झाले की मालक, भाडेकरू आणि मंडळ एकमेकांकडे बोट दाखवतात.

१९८६ साली सरकारने आणखी एक पाऊल टाकले. इमारतीतील सत्तर टक्के रहिवासी एकत्र आले तर ती संपादन करून त्यांच्या सहकारी संस्थेला द्यावी आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभरपट मोबदला मिळावा. गोठलेल्या भाड्याच्या शंभरपट! आठ रुपयांच्या खोलीचे आठशे रुपये. मालकांची संघटना न्यायालयात गेली. दुसरीकडे, डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निराळ्या दाव्यात सांगितले, की १९४० च्या पातळीवर भाडी बांधून ठेवणाऱ्या तरतुदी एके काळी योग्य असल्या तरी आता अवाजवी झाल्या आहेत. मात्र कायद्याची चालू मुदत मार्च १९९८ मध्ये संपतच होती, म्हणून त्या रद्द केल्या नाहीत. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा झाला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला. बँका व मोठ्या कंपन्या संरक्षणातून वगळल्या, पागडीला कायदेशीर मान्यता मिळाली आणि भाड्यात दरसाल चार टक्के वाढ करण्याची मुभा मिळाली. आठ रुपयांवर चार टक्के म्हणजे बत्तीस पैसे. वाढीचा दर मिळाला, पण ती कशावर चढवायची तो आकडा जुनाच राहिला.

या दोन पक्षांच्या भांडणात एक तिसरा पक्ष कोठेच हजर नसतो. तो म्हणजे १९५० नंतर मुंबईत आलेला गरीब माणूस. आधीच्या भाडेकरूला संरक्षण होते, मालकाला निदान पागडीतला वाटा होता. याला चाळीत खोलीच मिळाली नाही, कारण कोणी सोडीत नव्हते आणि कोणी बांधीत नव्हते. तो खाडीकाठी, रेल्वेच्या कडेला, डोंगरउतारावर गेला आणि तेथे झोपडीचे भाडे देऊ लागला. त्या भाड्याला प्रमाणही नव्हते आणि पावतीही नव्हती. २००१ च्या शिरगणतीत मुंबईची निम्म्याहून अधिक वस्ती झोपडपट्टीत निघाली. एवढ्या मोठ्या गोष्टीचे कारण एकटा भाडेकायदा असे आम्ही म्हणत नाही. जमिनीचे भाव, गिरण्यांचा अंत, सरकारची अनास्था ही सारी त्यात आहेत. पण त्या कायद्याचा वाटा वजा करून हा हिशेब जुळत नाही.

१९९१ पासून विकास नियमावलीने जादा बांधकामाची परवानगी देऊन पुनर्विकासाचा मार्ग काढला. भाडेकरूला नवे घर मालकीने फुकट, वरचे मजले बिल्डरने विकायचे, मालकाने आपला हक्क विकून बाजूला व्हायचे. सरकार जिथे स्वतः घरमालक होते त्या वरळीच्या बी. डी. डी. चाळींतही हेच सूत्र लागू झाले. सुमारे १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर, आणि खर्च विक्रीच्या इमारतींतून. तेथील पहिल्या कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या त्या २०२५ च्या ऑगस्टमध्ये.

शंभरपट मोबदल्याच्या कायद्याविरुद्ध मालकांनी केलेले अपील सर्वोच्च न्यायालयात १९९२ पासून होते. नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी, प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही, असे बहुमताने सांगितले. तोपर्यंत बत्तीस वर्षे झाली होती. दावा लावणाऱ्यांपैकी आणि त्यांच्या भाडेकरूंपैकी किती जण तो निकाल ऐकायला उरले, याची नोंद निकालपत्रात असत नाही.